बरणीतला साप उंदीर खात नाही, दूध पचवत नाही. मग पाळायचा कशाला?

नाशिक : पावसाळा लागला की शहरातलं इंदिरानगर असो की निफाड-सिन्नरकडचा मळा, साप निघाल्याचे फोन वाढतात. पूर्वी साप दिसला की काठी निघायची, आता मोबाईल निघतो. साप मारणं कमी झालं, ही चांगली गोष्ट. पण सोबत एक नवं खूळही आलं आहे. पकडलेला साप सोडून द्यायचा सोडून चार दिवस बरणीत, नाहीतर खोक्यात ठेवायचा, त्याला खाऊ घालतानाचा व्हिडिओ काढायचा आणि ‘आमचा पाळीव साप’ म्हणून मिरवायचं. अडचण सुरू होते ती त्याच्या जेवणापासून.

पकडलेला साप खात का नाही?

साप कुत्र्या-मांजरासारखा रोज जेवत नाही. मोठी शिकार गिळली की एक-दोन आठवडे त्याला काही लागत नाही. तो घास चावत नाही, अख्खा गिळतो. ते पचवायला लागणारी उष्णता त्याच्या अंगात तयार होत नाही, ती बाहेरून मिळावी लागते. म्हणून खाल्ल्यावर त्याला ऊब आणि शांतता, दोन्ही लागतात.

बरणीत यातलं काहीच नसतं. लपायला जागा नाही, वर माणसांची वर्दळ, त्यात सारखी हाताळणी. घाबरलेला साप समोर उंदीर ठेवला तरी तोंड लावत नाही. बळजबरीने भरवलं तर ओकून टाकतो. निफाडच्या थंडीत पारा दहाच्या खाली गेला की पोटातलं भक्ष्य पचायच्या आधीच सडायला लागतं. जिवंत उंदीर सोबत कोंडला आणि सापाने तो धरला नाही, तर उंदीरच सापाला कुरतडतो.

शिवाय प्रत्येक सापाचं खाणं वेगळं. धामण आणि घोणस मुख्यतः उंदरांवर जगतात. विरोळ्याला मासे-बेडूक लागतात. कवड्या घरात शिरतो तो पालींच्या मागे. मण्यार तर दुसरे सापही खाते. दिसेल त्या सापापुढे उंदीर टाकून भागत नाही.

दुधाचं काय?

दूध हे सापाचं अन्नच नाही, त्याला ते पचत नाही. नागपंचमीच्या आधी बरेच दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते ओलं पितो, एवढंच. ते दूध फुप्फुसात गेलं तर जीवावर बेतू शकतं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांच्या पूजेची मोठी परंपरा होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने तिथे २१ नाग पकडायला परवानगी दिली, पण शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी, तीही ठरावीक मुदतीसाठी. त्या बातमीचा अर्थ ‘आता साप ठेवायला हरकत नाही’ असा कुणी काढत असेल, तर तो चुकीचा आहे.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव कायद्यातला बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. नाग, घोणस, धामण हे साप आता पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘मी तर त्याला खाऊ घालत होतो’ ही सबब चालत नाही.

मोबाईलवर दिसणारे रंगीत बॉल पायथन हे परदेशी अजगर. त्यांचा नियम वेगळा. २०२४ च्या नियमांनुसार असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळं कळवावं लागतं. पण या बाजारात चोरटा मालही येतो. जून २०२५ च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाकडे ४७ विषारी साप सापडले होते. त्यातही बॉल पायथन पिंजऱ्यात वाढलेला असूनही कधी कधी महिनोन् महिने खात नाही. मग रानातून उचललेला साप चार दिवसांत माणसाळेल कसा?

नुकसान कुणाचं?

पहिलं नुकसान शेतकऱ्याचं. खळ्यावर, कांद्याच्या चाळीत, मक्याच्या कणग्यात उंदीर धुमाकूळ घालतात. एक धामण बांधावर असली की फुकटात राखण होते. तीच धामण बरणीत गेली की ती उपाशी आणि उंदीर मोकाट.

दुसरा धोका थेट जीवाचा. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात भल्याभल्यांची गल्लत होते. ‘कवड्याच आहे’ म्हणून ठेवलेली मण्यार निघाली, तर तिचा दंश फारसा दुखतही नाही. झोपेत चावली तर कळतही नाही. पापण्या जड व्हायला लागतात तोवर बराच वेळ गेलेला असू शकतो. भक्ष्य पुढे करणारा हात तर सापाच्या सगळ्यात जवळ असतो.

साप निघाला तर

लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा, लहान मुलं आणि कुत्री बाजूला घ्या. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा जवळच्या सर्पमित्राला बोलवा. पकडलेला साप वन विभागाला कळवून लवकरात लवकर निसर्गात सोडला जातोय ना, हे विचारायला लाजू नका. दंश झाला तर मांत्रिक नको, चिरा नको, घट्ट आवळपट्टी नको. रुग्णाला न चालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथेच मिळतं.

सापाला जगवायचं असेल तर त्याला भरवायची गरज नाही. त्याचं जेवण आपल्या बांधावरच फिरतंय, फक्त त्याला तिथवर जाऊ द्यायला हवं.