अरिहंत नावाची नौका

सुट्टीच्या दिवसांत व्यापारी घरांतून दिसणारे एक दृश्य आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. शाहूपुरीतील पेढी बंद करून आजोबा घरी आलेले असतात, आजींची सामायिक आटोपलेली असते आणि नातू संगणकासमोर समुद्रावरचे युद्ध खेळत बसलेला असतो. या खेळांत केवळ तोफा डागून भागत नाही. ठरावीक खजिन्यातून नौका बांधाव्या लागतात, इंधनाचा आणि दारूगोळ्याचा हिशेब ठेवावा लागतो, मालवाहू जहाजांचे ताफे सुखरूप बंदराला न्यावे लागतात. नवी नौका पाण्यात उतरताना पडद्यावर एक रिकामी चौकट उघडते. तीत नौकेचे नाव लिहायचे असते.

अशा एखाद्या घरी नातवाने आपल्याला ठाऊक असलेले सर्वांत मोठे नाव त्या चौकटीत लिहिले, ‘अरिहंत’, आणि तासाभराने तो ओरडला, “आजोबा, अरिहंत बुडाली की!” तर काय होईल, याची कल्पना करावी. आजींच्या हातातील जपमाळ थांबेल. णमोकार महामंत्रातील पहिला नमस्कार ज्यांना, त्यांच्या नावापुढे ‘बुडाली’ हे क्रियापद त्यांनी आयुष्यात ऐकलेले नसेल. “खेळातसुद्धा असलं नाव ठेवू नये रे,” असे त्या म्हणतील. त्यावर नातू सहज उत्तर देईल, “आजी, या नावाची खरी पाणबुडी आहे. आपल्या भारताचीच आहे.”

नातवाचे म्हणणे खरे आहे. आजींचे दचकणेही खोटे नाही. या दोहोंच्या मध्ये जे आहे, त्याचा विचार प्रत्येक जैन घराने एकदा तरी करावा.

दि. २६ जुलै २००९ रोजी, कारगिल विजय दिनी, विशाखापट्टणम येथे भारतात बांधलेली पहिली अणुपाणबुडी पाण्यात उतरली. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांच्या हस्ते नारळ वाढवला गेला आणि पाणबुडीला ‘अरिहंत’ हे नाव मिळाले. सुमारे सहा हजार टनांची, अणुभट्टीच्या बळावर चालणारी आणि अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रे पोटात वागवणारी ही नौका २०१६ मध्ये नौदलाच्या सेवेत रुजू झाली. २०१८ मध्ये तिने पहिली अण्वस्त्रसज्ज गस्त पूर्ण केली. दि. २९ ऑगस्ट २०२४ रोजी तिची भगिनी ‘अरिघात’ सेवेत आली. नावाचा लौकिक अर्थ सरळ आहे. अरी म्हणजे शत्रू आणि त्याचे हनन करणारा तो अरिहंत.

जैन परंपरेतही शब्दाची फोड हीच आहे; भेद आहे तो शत्रू कोणता, याविषयी. ज्यांनी ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय आणि अंतराय या चार घातिया कर्मांचा नाश केला, ते अरिहंत. क्रोध, मान, माया आणि लोभ हे त्यांचे वैरी. ते बाहेर उभे नव्हते, आत होते. प्राकृतात या शब्दाची तीन रूपे सांगितली जातात. अरिहंत म्हणजे शत्रूचा नाश करणारा, अरहंत म्हणजे पूजेस पात्र आणि अरुहंत म्हणजे ज्याला पुन्हा जन्माचा अंकुर फुटत नाही असा. नौदलाने यांपैकी पहिले रूप घेतले. शब्द कोणा एका समाजाच्या मालकीचा नसतो, म्हणून त्यात तक्रारीला जागा नाही. परंतु ज्या घरात दिवसाची सुरुवात याच शब्दाने होते, त्या घरातील मुलाला त्याचा दुसरा आणि अधिक खोल अर्थ कळायला हवा. तो अर्थ त्याला खेळातून कळणार नाही. तो सांगण्याचे काम आजी-आजोबांचे आहे.

“खेळच आहे तो, त्यात खरे कोण मरते?” असे म्हणून विषय संपवता येईल. जैन मनाला मात्र ते इतके सोपे जात नाही. यशोधर राजाची कथा पर्युषणातील प्रवचनांतून अनेकांनी ऐकली आहे. मातेच्या आग्रहाखातर राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता. त्या एका संकल्पापायी माता आणि पुत्र दोघांनाही कित्येक जन्म पशुयोनीत भटकावे लागले. पडद्यावरची नौका हा आजच्या काळातला पिठाचा कोंबडाच होय. म्हणून ती कोणत्या भावाने चालवली जाते, हा प्रश्न गैरलागू ठरत नाही.

याचा अर्थ शस्त्राचा विचारच निषिद्ध, असाही नाही. शास्त्रकारांनी गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार सांगितले. जाणूनबुजून केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी ती आरंभी, व्यवसायात घडणारी ती उद्योगी आणि आक्रमणाचा प्रतिकार करताना घडणारी ती विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि उरलेल्या तिन्हींमध्ये विवेक राखावा, अशी मर्यादा त्यांनी घालून दिली. या मर्यादेत राहून जैन सेनापती होऊन गेले. कोल्हापुरात रूपनारायण बसदी उभारणारा निंबदेव हा शिलाहार राजा गंडरादित्याचा सामंत आणि योद्धा होता. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींची सुमारे ५७ फुटी मूर्ती इ.स. ९८१ च्या सुमारास घडवून घेणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. शस्त्र हाती असलेल्या या माणसांनी आपल्या सामर्थ्याची खूण म्हणून शस्त्र उंचावलेला वीर उभा केला नाही. चामुंडरायाने उभा केला तो हात खाली सोडून कायोत्सर्गात स्थिर झालेला विजेता.

ती मूर्ती ज्या टेकडीवर आहे, तिचे नाव विंध्यगिरी. आणि भारतीय नौदलात याही नावाची युद्धनौका आहे. नौदलात नावे मनाला येईल तशी ठेवली जात नाहीत. एका वर्गातील नौकांना एका जातीची नावे देण्याची प्रथा आहे. विनाशिकांना शहरांची नावे मिळाली: कोलकाता, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ आणि दि. १५ जानेवारी २०२५ रोजी सेवेत आलेली सुरत, म्हणजे थेट व्यापाऱ्यांच्या पेठेचेच नाव. २०१९ मध्ये रुजू झालेल्या ‘खांदेरी’ पाणबुडीने शिवकालीन जलदुर्गाची आठवण जागी ठेवली. फ्रिगेट प्रकारच्या एका वर्गाला पर्वतांची नावे आहेत. त्यांतील ‘विंध्यगिरी’चे जलावतरण दि. १७ ऑगस्ट २०२३ रोजी कोलकाता येथे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. कर्नाटकातील पर्वतावरून हे नाव घेतल्याचे नौदलाने सांगितले आहे. कर्नाटकातील विंध्यगिरी म्हटल्यावर जैन माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे सांगायला नको. कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायथ्याशी १९६३ साली प्रतिष्ठापना झालेल्या २८ फुटी मूर्तीपुढे ज्यांनी मस्तक नमवले आहे, त्यांना तर नकोच.

या नावाशी निगडित कथा खेळणाऱ्या मुलाने अवश्य ऐकावी अशी आहे. भरत आणि बाहुबली या भावांची सैन्ये समोरासमोर आली, तेव्हा दोन्हीकडच्या मंत्र्यांनी विचारले, दोघा भावांच्या वादासाठी हजारोंनी का मरावे? दिगंबर परंपरेतील कथेनुसार मग सैन्ये बाजूला राहिली आणि दोघा भावांतच तीन युद्धे ठरली: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. पाण्यातले युद्धही त्यात होते. तिन्ही बाहुबलींनी जिंकली आणि जिंकलेले राज्य त्याच क्षणी सोडून दिले. जगातील डावपेचांच्या कोणत्याही खेळात ही चाल शिकवली जात नाही.

‘अरिहंत बुडाली’ या आरोळीने आजी दचकतील, परंतु नौदलाने बुडालेल्या नावाचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. पहिली ‘विंध्यगिरी’ दि. ८ जुलै १९८१ रोजी सेवेत आली. जानेवारी २०११ च्या अखेरीस मुंबईजवळ एका व्यापारी जहाजाशी तिची टक्कर झाली, आग लागली आणि गोदीत आणल्यावर ती बुडाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पुढे तिला पाण्याबाहेर काढून जून २०१२ मध्ये निवृत्त करण्यात आले. मात्र नाव निवृत्त झाले नाही. तेच नाव अकरा वर्षांनी नव्या नौकेला मिळाले. लोखंडाचा देह गेला, नाव नव्या देहात आले. आत्म्याच्या प्रवासावर श्रद्धा असलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

नाव जबरदस्तीने दिले तर काय होते, याचे उदाहरण कोल्हापूरच्या इतिहासात आहे. सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे असताना १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. किल्ला लवकरच कोल्हापूरकडे परत आला. पुढे १८१२ च्या तहाने तो पुन्हा इंग्रजांकडे गेला, तरी आज मालवणच्या किनाऱ्यावर कोणालाही विचारावे. ऑगस्टस कोणाच्या तोंडी नाही.

याउलट नावाला आपल्या कर्तृत्वाने नवा अर्थ देता येतो, हे सोलापूरच्या एका जैन व्यापाऱ्याने दाखवले. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील एक जहाज विकत घेतले. पूर्वी ते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ होते. पहिल्या महायुद्धात महाराजांनी ते रुग्णवाहू जहाज म्हणून चालवले आणि त्याचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, असे ठेवले. साम्राज्यावरील निष्ठेचे हे नाव मिरवणारे जहाज दि. ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, ते परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देण्यासाठी! तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे सिंदिया कंपनीने विशाखापट्टणमला स्वतःची गोदी उभारली आणि दि. १४ मार्च १९४८ रोजी तेथून पहिले जहाज पाण्यात उतरले. त्याचे नाव ‘जलउषा’. पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे जलावतरण झाले. लॉयल्टी ते जलउषा या दोन नावांच्या मध्ये एका देशाचे एकोणतीस वर्षांचे कष्ट आहेत. त्याच विशाखापट्टणमला पुढे अरिहंत तयार झाली आणि तिच्या यंत्रसामग्रीचा काही भाग वालचंदनगरच्या कारखान्यातून आला, हाही एक योगायोग.

व्यापाऱ्याला नावाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहिले जाते. पण वर्षभर पेढी चालते ती नावावरच्या विश्वासाने. ‘नाव खराब करू नकोस’ एवढे एकच वाक्य कित्येक घरांत वारसा म्हणून दिले जाते. मराठीत ‘नाव’ हा शब्द नामासाठीही आहे आणि होडीसाठीही; दोन्ही तरंगत ठेवाव्या लागतात, दोन्हींना छिद्र पडू द्यायचे नसते. पेढीला देवाचे नाव दिल्याने खोटे माप खरे होत नाही. उलट देणाऱ्यावरची जबाबदारी वाढते. युद्धनौकेचेही तसेच आहे. ‘अरिहंत’ म्हटल्याने अण्वस्त्र पवित्र होत नाही. अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाही, हे भारताचे घोषित धोरण आहे. ते धोरण जोवर पाळले जाते आणि ही पाणबुडी एकही क्षेपणास्त्र न डागता गस्तीवरून परतते, तोवर त्या नावाची काहीएक अब्रू राखली जाते, एवढेच म्हणता येईल.

तेव्हा त्या घरातील आजोबांनी काय करावे? संगणक बंद करून नातवाला उठवू नये. शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि पेढीवर नव्या माणसाला विचारतात तसे विचारावे, “ही नौका तू कशासाठी बांधलीस?” मुलगा क्षणभर थांबेल. मग सांगेल, “मागं मालाची जहाजं आहेत ना, ती राखायला.” हे उत्तर आजोबांना पटेल. मालवाहू जहाजासाठी ते ‘जलउषा’ हे नाव सुचवतील आणि त्याच्या राखणदाराला ‘विंध्यगिरी’. ‘अरिहंत’ हे नाव त्या चौकटीत पुन्हा लिहायचे की नाही, हे मात्र आजींना विचारून ठरवावे. त्या बहुधा नको म्हणतील, आणि का नको, हे सांगताना चार घातिया कर्मांची नावे नातवाला पहिल्यांदाच नीट ऐकायला मिळतील.