माग कोणाच्या नावावर?

1991 साली सोव्हिएत संघ कोसळला, तेव्हापासून भांडवलशाहीला पर्याय उरला नाही असे सांगितले जाते. आम्हांला हे पटत नाही. मालेगाव-भिवंडीच्या विणकर बंधूंसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. साध्या यंत्रमागाच्या जागी बिनधोट्याचा रॅपियर माग आला की तेवढेच कापड कमी हातांत निघते. वाचलेली मजुरी कोणाच्या खिशात जाते? ज्याचा माग, त्याच्या. तेव्हा भांडण यंत्राशी नाही, मालकीशी आहे.

स्पेनच्या बास्क भागातील मोंद्रागोन गावी 1956 साली एका पाद्र्याच्या पाच शिष्यांनी छोटा कारखाना काढला. त्यातून कामगारांच्याच मालकीचा मोठा सहकारी समूह उभा राहिला. दर सभासदाला एक मत. गंमत म्हणजे स्वयंचलित यंत्रे बनवून विकणाऱ्या संस्थाही त्याच समूहात आहेत! 2013 साली त्यांचा घरगुती उपकरणांचा 'फागोर' कारखाना दिवाळ्यात निघाला, हेही सांगितले पाहिजे. पण बऱ्याच सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी कामावर घेतले.

आपल्याकडे मुशारका हा शब्द भाषणात ऐकू येतो, हिशेबाच्या वहीत क्वचित. चार विणकर आणि एक सूत-व्यापारी मिळून नवा माग घेऊ शकतात. नफा ठरल्या प्रमाणात, तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणे. अडचण पैशाची आहेच, पण त्याहून विश्वासाची. कागदावरच्या सहकारी संस्था आम्ही पुष्कळ पाहिल्या. करार लेखी करून दरमहा वही भागीदारांपुढे उघडायला आपले व्यापारी बंधू तयार आहेत काय?