रंगाचा खर्च कोणाचा?

अर्धापूरचा केळी पिकवणारा बाप मुलीला 'नीट'साठी लातूरला ठेवतो, तेव्हा क्लासच्या फीसोबत खोलीचं डिपॉझिटही एकरकमी मोजतो. मे महिन्यात परीक्षा होते, खोली रिकामी होते आणि घरमालक म्हणतो, "रंगाचे पैसे कापून उरलेले नंतर देतो." लातूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. चार चकरांत रोजगार बुडतो, म्हणून बरेच जण नाद सोडतात.

घरमालकाची बाजूही खरी आहे. निवृत्तीच्या पैशांतून वरचा मजला चढवलेल्या माणसाला फुटकं बेसिन आणि महावितरणचं थकलेलं बिल मागे ठेवून जाणारी पोरं भेटतात. डिपॉझिटशिवाय त्याच्या हाती काही नसतं. म्हणून "शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा" ही सर्रास चालणारी युक्ती मला पटत नाही. करारात तसं नसेल, तर ती भाड्याची थकबाकीच ठरते. मात्र एकदा पैसे बुडालेल्या माणसाला तरी मी दोष कसा देऊ?

भांडणाचं मूळ रंग आणि नळ यांत आहे. केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यानं त्याची वाटणी केली आहे: दुसरं काही ठरलं नसेल तर भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग आणि वायरिंग मालकाकडे, नळ, बेसिन, स्विच, फुटलेली काच भाडेकरूकडे. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं, आणि रास्त कपात करून ते ताबा घेण्याच्या दिवशीच परत. राज्यांवर हा कायदा बंधनकारक नाही. महाराष्ट्रानं दोन महिन्यांची मर्यादा घेण्याआधी विचार जरूर करावा, कारण त्या धास्तीनं मालक विद्यार्थ्यांना खोलीच देणार नाहीत. परताव्याचा दिवस आणि दुरुस्तीची यादी मात्र लगेच घ्यावी. त्यात प्रामाणिक मालकाचं काहीच जात नाही.

तोवर आहे तो कायदा वापरावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरतात. नोटरी केलेला बाँड म्हणजे नोंदणी नव्हे, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. डिपॉझिट रोख देऊ नये, खात्यावर टाकावं. खोली घेताना आणि सोडताना मालकासमोर भिंतींचे, नळांचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढावेत. कपातीची पावती मागावी.

तरीही पैसे अडले, तर आधी लेखी नोटीस द्यावी. मग दाव्याआधीच तालुका विधी सेवा समितीमार्फत प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथं कोर्ट फी नाही, तडजोड हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही. मालकाला बोलावून समोरासमोर हिशेब मांडायला लावणारी याहून स्वस्त जागा नाही. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. पुढच्या हंगामाची वाट पाहत ती घालवू नये.