फाईलमधलं जहाज

आधी दोन कबुल्या देते आणि मग विषयाला हात घालते.

पहिली कबुली म्हणजे माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास आणि गाइडमधून पाठ केलेला 'माझा आवडता ऋतू'. त्यामुळे संपादक मंडळाने "मराठी विभागाला कोणीच काही देत नाही, तू तरी दे" म्हटल्यावर मी दोन आठवडे तोंड लपवून फिरत होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या असतील तर पोटात घाला.

दुसरी कबुली जास्त गंभीर आहे. सेकंड इयरला शिप स्टॅबिलिटीची सगळी शीट्स मी फाईलमधून उतरवली. सगळी, एकसुद्धा स्वतः न सोडवता! आणि मला त्यात दहापैकी नऊ मार्क मिळाले.

ती फाईल मरीनच्या मुलामुलींना ठाऊकच आहे. इतर ब्रँचवाल्यांकडे त्यांची त्यांची असेल. आमची म्हणजे कोण्या एका बॅचने मन लावून सोडवलेली गणितं, त्यांची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, मग स्कॅन, आणि आता व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ. सबमिशनच्या आदल्या रात्री लेडीज हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही ओळीने बसतो, एक जण मोठ्याने वाचते आणि बाकीच्या लिहितात. मॅगी होते, गाणी होतात, मजा येते. ती मजा मी नाकारत नाही.

तर गेल्या सेमिस्टरला ज्युनिअर मुलींना शीट नंबर सहा समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली. फाईल हाताशी नव्हती म्हणून म्हटलं, सोडवूनच दाखवू. गणित साधं आहे. जहाजाचं डिस्प्लेसमेंट १०,००० टन, के.एम. ८.४० मीटर, के.जी. ७.७५ मीटर. दोन बॅलास्ट टँक अर्धवट भरलेले, प्रत्येक २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. जहाजाचा जी.एम. काढा.

माझं उत्तर आलं ०.०६ मीटर. म्हणजे सहा सेंटिमीटर. फाईलमधलं उत्तर मला पाठ होतं, १.२४. साहजिकच मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा ०.०६. रूममेटला उठवलं (ती कॉम्प्युटरची, तिला जहाजातलं ओ की ठो कळत नाही, पण गुणाकार तर येतो). तिचंही ०.०६. मग पीडीएफ उघडली. तिथे एका ओळीत, जिथे वजाबाकी हवी तिथे चक्क बेरीज होती! मूळ सोडवणाऱ्याने चूक केली की चौथ्या झेरॉक्समध्ये कोणी पुसट अक्षर चुकीचं गिरवलं, देव जाणे. पण तेव्हापासून प्रत्येक बॅचने १.२४ लिहिलं आणि प्रत्येक बॅचला बरोबरची खूण मिळाली.

इतर ब्रँचच्या वाचकांसाठी थोडं थांबून सांगते, कारण या बेरीज-वजाबाकीत काय अडलंय ते कळल्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे.

जहाज एका बाजूला कललं की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो. हा जोर जहाजाला पुन्हा सरळ करायला बघतो. तो ज्या काल्पनिक बिंदूतून जातो त्याला मेटासेंटर म्हणतात. ही कल्पना पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने १७४६ साली आपल्या ग्रंथात मांडली. मेटासेंटर जहाजाच्या गुरुत्वमध्याच्या जितका वर, तितकं जहाज सावरणारं. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे जी.एम. तो शून्याच्या खाली गेला की जहाज सरळ उभं राहू शकत नाही.

आता अर्धवट भरलेला टँक. आपल्या मेसची आमटी आठवा. काठोकाठ भरलेलं पातेलं दोघांनी उचललं तर सांडेल, पण तोल जात नाही. तीच आमटी (आणि आपली आमटी किती पातळ ते मी सांगायला नको) पसरट ट्रेमध्ये अर्धी भरून उचला. जरा हात कलला की सगळी आमटी त्याच बाजूला धावते आणि ट्रे आणखी कलतो. जहाजातही हेच होतं, त्याला फ्री सरफेस म्हणतात. त्याचा हिशेब टँकच्या रुंदीच्या घनावर चालतो, म्हणून टँकच्या मधोमध एक उभी भिंत घातली की परिणाम एकदम चौथ्या भागावर येतो. रस्त्यावरच्या टँकरच्या आत आडव्या पट्ट्या असतात त्या याच जातीच्या दुखण्यावर.

आमच्या गणितात एकेका टँकमुळे जी.एम. सुमारे ०.३० मीटरने कमी होतो. दोघांचे मिळून ०.५९. म्हणजे ०.६५ मधून ०.५९ वजा. फाईलवाल्याने ते मिळवले. अर्धवट भरलेल्या टँकांनी जहाज जास्त स्थिर होतं, असं आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं!

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमाप्रमाणे मालवाहू जहाजाचा जी.एम. किमान ०.१५ मीटर लागतो. १.२४ वाचून आपण निर्धास्त निघालो असतो. ०.०६ वाचून बंदरातून हलताच आलं नसतं.

माझं बोलणं ऐकून रूममेट म्हणाली, "अगं पण खऱ्या जहाजावर हे कोण हाताने करतं? सॉफ्टवेअर असतं ना!" असतं. त्याला लोडिकेटर म्हणतात आणि तो छानच असतो. म्हणूनच मी माझ्या सेमिनारसाठी वाचलेली एक हकीकत तिला सांगितली. तुम्हालाही सांगते.

८ सप्टेंबर २०१९ च्या रात्री 'गोल्डन रे' नावाचं मोटारी वाहून नेणारं जहाज अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविक बंदरातून निघालं. लांबी सुमारे २०० मीटर, पोटात चार हजारांवर गाड्या. समुद्राने काही केलं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी पायलटने नेहमीसारखं उजवीकडे वळण घेतलं आणि जहाज डावीकडे कलायला लागलं ते थांबेचना. एका मिनिटाच्या आत ६० अंश! आत जायचे दरवाजे उघडे राहिले होते, त्यातून पाणी शिरलं. जहाजावरचे सगळे वाचले, पण चार इंजिनिअर (हो, आपल्याच जातीचे) इंजिन रूमच्या भागात अडकले आणि दुसऱ्या दिवशी जहाजाचा पत्रा कापून त्यांना बाहेर काढावं लागलं. जहाजाचे पुढे आठ तुकडे करून ते उचलण्यात २०२१ चा ऑक्टोबर उजाडला.

अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशी केली. कारण काय निघालं? चीफ ऑफिसरने स्टॅबिलिटीच्या कॉम्प्युटरमध्ये बॅलास्ट टँकांचे आकडे भरताना चूक केली. कॉम्प्युटरने त्या आकड्यांचं अगदी अचूक उत्तर दिलं. ते उत्तर दुसऱ्या कोणी तपासून पाहावं अशी परिणामकारक पद्धत कंपनीकडे नव्हती, हेही अहवालात आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. चूक एकाची होती, पण ती पकडायला दुसरं कोणीच नव्हतं.

रूममेट म्हणाली, "गार्बेज इन, गार्बेज आऊट." म्हटलं बाई, तुमच्यात त्याला बग म्हणतात आणि पॅच येतो.

हे एकच उदाहरण असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. पण ३ जानेवारी २०१५ ला 'होएग ओसाका' हे असंच मोटारींचं जहाज इंग्लंडच्या साउदम्प्टनमधून निघालं आणि थोड्याच वेळात वळणावर ४० अंशांच्या वर कललं. तिथे तर निघण्यापूर्वी नीट हिशेबच झाला नव्हता. मालाचं खरं वजन अंदाजापेक्षा जास्त होतं आणि बॅलास्ट किती ते अंदाजपंचे धरलं होतं, कारण टँकांची बरीचशी मोजमाप यंत्रं बंद होती. आपण प्रॅक्टिकलला बंद पडलेल्या मीटरचं रीडिंग शेजारच्या बॅचकडून घेतो, तोच प्रकार.

नेव्हिगेशनवाल्यांनीही हसू नये. १९९५ च्या जूनमध्ये 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला जात होतं. निघाल्यानंतर थोड्याच वेळात जी.पी.एस.च्या अँटेनाची वायर निसटली. यंत्राने गुपचूप अंदाजाने जागा दाखवायला सुरुवात केली, पडद्यावर तशी बारीक अक्षरंही आली, पण जवळजवळ ३४ तास कोणी ती पाहिली नाहीत. जहाजावर लोरान नावाचं दुसरं यंत्र चालू होतं, खोली मोजायची सोय होती. दोन आकडे शेजारी ठेवून बघितले असते तर पुरे होतं. जहाज १७ मैल बाजूला जाऊन नॅन्टकेटजवळच्या वाळूत रुतलं. कोणी दगावलं नाही हे नशीब.

माझी आजी अलिबाग तालुक्यातली. ती लहान होती तेव्हा, १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. आजी 'उलटली' म्हणत नाही, 'कलंडली' म्हणते. मला इंग्रजीत त्यासाठी तीन शब्द पाठ आहेत आणि हा एक शब्द मी तिच्या तोंडून विसाव्या वर्षी ऐकला. आजी सांगते, लाटा एका बाजूने आल्या म्हणून घाबरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावली. मी तिला म्हटलं, "आजी, यालाच वजनाचं सरकणं म्हणतात, आम्हाला शिकवतात." ती म्हणाली, "शिकवतात ना? मग झालं."

मी गप्प बसले. मला शिकवलं होतं हे खरं. पण मी शिकले होते का?

आता कोणी म्हणेल, ही बाई स्वतः नऊ मार्क घेऊन आता साधू झाली. मान्य. शिवाय ६० जर्नल्स तपासणाऱ्या सरांनाही मी दोष देत नाही. साठच्या साठ जर्नल्समध्ये एकच उत्तर असेल तर एकसष्टावं वेगळं उत्तर चुकीचं वाटणारच, मला स्वतःला वाटलंच की. माझं भांडण इतकंच आहे की आपण 'उत्तर' जुळवायला शिकलो आणि उत्तर बघून 'हे कसं शक्य आहे?' असं विचारायला शिकलो नाही. खरं तर ते अवघड नाही. याच गणितातलं जहाज १८ मीटर रुंद धरा. डोलायला किती वेळ लागेल त्याचा ढोबळ नियम आहे, रुंदीच्या ०.८ पटीला जी.एम.च्या वर्गमुळाने भागायचं. जी.एम. १.२४ असेल तर एका बाजूकडून दुसरीकडे आणि परत यायला सुमारे १३ सेकंद. ०.०६ असेल तर जवळजवळ एक मिनिट! म्हणजे जहाज स्वतः सांगत असतं. एका बाजूला कलून आळसावल्यासारखं थांबतंय, परत यायला वेळ लावतंय, याचा अर्थ कळायला कॉम्प्युटर नको, घड्याळ पुरे. पण त्यासाठी त्या आकड्याची कुठेतरी आतून ओळख पाहिजे, आणि ती रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये डिक्टेशन घेऊन होत नाही. मी घेऊन बघितलंय.

सरांना एक नम्र सूचना, रागावू नका. शीटमधलं डिस्प्लेसमेंट सगळ्यांना १०,००० टन देण्याऐवजी त्यात प्रत्येकाचा रोल नंबर गुणिले दहा मिळवायला सांगा. साठ जणांची साठ उत्तरं येतील. तपासायला एक एक्सेल शीट पुरते, ती करून द्यायला माझी रूममेट तयार आहे (तिला मी अजून विचारलेलं नाही). आणि सबमिशनला थोडी कमी पानं चालतील. सहा गणितं स्वतःची असलेली बरी की वीस फाईलमधली?

व्हायवाचंही तसंच. व्याख्या विचारल्या की आम्ही त्या घडाघडा म्हणतो, इंग्रजी मीडियमचा तेवढा फायदा आहे. त्यापेक्षा एक चुकीचं सोडवलेलं गणित समोर ठेवा आणि म्हणा, यात चूक शोध. माझी तरी फजितीच झाली असती.

पीडीएफचं काय करायचं यावर आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं डिलीट करा. पण ग्रुपवरची गोष्ट डिलीट होते का कधी? शेवटी आम्ही शीट नंबर सहाच्या त्या ओळीला लाल गोल करून, शेजारी 'इथे वजाबाकी. स्वतः करून बघा' असं लिहून परत सगळीकडे पाठवली. दोन दिवसांनी फर्स्ट इयरच्या एका मुलीचा मेसेज आला की शीट नंबर नऊमध्येही काहीतरी गडबड वाटतेय, दर गुरुवारी रात्री मेस सुटल्यावर कोणी बसणार असेल तर ती येईल.

आम्ही बसतोय. लेडीज हॉस्टेलची रीडिंग रूम, साडेनऊ वाजता. मुलांना आत सोडत नाहीत, त्यांनी लायब्ररीबाहेरच्या कट्ट्यावर आपलं आपलं बसावं. कॅल्क्युलेटर आणा. शीट नंबर नऊ अजून सुटलेलं नाही.

– तृतीय वर्ष, मरीन इंजिनिअरिंग