लाइट येते तेव्हा

वळवाचे चार टपोरे थेंब पडायचा अवकाश, आमच्या भागातली लाइट जाते. भारनियमनाच्या काळात निदान वेळापत्रक तरी असायचं; गिरणीवाल्यापासून क्लासवाल्यापर्यंत सगळे त्यानुसार दिवस लावायचे. आता ती मनात येईल तेव्हा जाते. मग घरातला कॉम्प्युटर फटकन बंद पडला की माणूस दुकान गाठतो आणि यूपीएस घेऊन येतो.

घ्यावाच. पण माझ्या मते यूपीएसचं खरं काम लाइट जाते तेव्हा कमी आणि ती परत येते तेव्हा जास्त असतं. जाताना फार तर शेवटचं सेव्ह केल्यानंतरचं काम जातं. येताना मात्र गल्लीतले झाडून सगळे फ्रिज, पंप आणि एसी एकदम वीज ओढायला लागतात. व्होल्टेज खाली बसतं, मग उसळतं, डीपीवरचा फ्यूज पुन्हा उडतो. पाच मिनिटांत लाइट तीनदा येते-जाते आणि कॉम्प्युटर दरवेळी अर्धवट चालू होऊन आपटतो. हार्ड डिस्कची वाट लागते ती अशा वेळी. त्यात कुठे न्यूट्रल तुटली असेल, तर २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास येऊ शकतात. तेव्हा यूपीएसच्या जिवावर निर्धास्त राहू नये, सरळ प्लग काढावा.

आमच्या सोसायटीचे खजिनदार काका मात्र यूपीएसकडे इन्व्हर्टर म्हणूनच बघतात. "अहो, सहाशेचा आहे, तासभर तरी चालायला हवा!" सहाशे म्हणजे सहाशे व्हीए; अशा यूपीएसवर साधारण ३६० वॉटपर्यंतचा भार टाकता येतो. किती वेळ, ते बॅटरीवर. आत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासांची एकच बॅटरी असते, म्हणजे हिशोबाने ८४ वॉट-तास. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून सव्वाशे वॉट खात असतील तर कागदावर अर्ध्या तासाच्या वर जायला हवं. पण बॅटरी भराभर उपसली की पूर्ण क्षमता देत नाही आणि थोडं रूपांतरातही जातं. हाती उरतात पंधरा-वीस मिनिटं, तीही बॅटरी नवी असेतो. काकांनी त्यावर लेझर प्रिंटरही जोडला होता. त्याचा रोलर तापताना काही क्षण इतकी वीज खेचतो की यूपीएस किंचाळून मान टाकतो. प्रिंटर भिंतीच्याच सॉकेटला बरा.

म्हणून ही मिनिटं पुढे काम रेटायला नाहीत, आवरायला आहेत. सेव्ह करा, रीतसर बंद करा, यूपीएसचंही बटण बंद करा. लाइट आली की दहा मिनिटं थांबा. ती टिकली, तरच बसा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर नॉर्मल आणि यूपीएस असा छोटा स्विच असतो, तो बघा. पंख्याला क्षणभराचा खंड कळत नाही. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मात्र सेकंदाचा साठावा भाग कसाबसा तग धरतो. यूपीएस मोडवर बॅटरीकडे बदल साधारण तेवढ्यात होतो, नॉर्मलवर सहसा नाही. राउटरसाठी वेगळी चिमुकली १२ व्होल्टची बॅटरी मिळते, ती घ्याच. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण राउटर झोपला की तिचा काय उपयोग?

आणि हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. १२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मुंबईत लाइट जात नाही, हा समज त्या दिवशी गेला. आमच्यासारख्यांना थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. उन्हात तापणाऱ्या भिंतीला यूपीएस टेकवून ठेवला तर त्याही आधी, कारण तापमान दहाएक अंशांनी चढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. अधूनमधून मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करून बघावं. लगेच घाईघाईने पीं-पीं सुरू झालं, तर ती गेली. झाकण काढल्यावर बॅटरीच्या कडा फुगलेल्या दिसल्या तर ती चार्ज करून बघायच्या फंदात पडू नये. ती भंगारवाल्याला न देता दुकानदाराला परत द्यावी. आत शिसं आणि तेजाब असतं, आणि नव्या बॅटरीत पन्नास-शंभर रुपये तो कमीही करतो. मागितले तर.