तांबोशीचें बालपण

मालवणच्या समुद्रांत बुडालेल्या खडपांवर लहान होडी नांगरून गळानें तांबोशी धरणें हें धीराचें काम आहे. गरीस लागतांच ती कपारीकडे धांव घेते. दोरी खडकास घासली कीं तुटलीच! गळास एका वेळीं एकच मासा येतो. जाळ्यासारखी खडपाची लूट होत नाहीं. परंतु हिचें बालपण खाडींतील कांदळवनांत जातें व मोठी झाल्यावर ती खडपांकडे वळते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनें तोडण्यास मनाई केली, ती होडीवाल्याच्या पोटाचेंही रक्षण करणारी आहे. विद्यार्थीहो, खाडींत भराव पडत राहिला, तर कुशल हातांतील गळही रिकामाच वर येईल.