आधी साध्य, मग आज्ञावली

गोंदिया जंक्शनात नागपूर, दुर्ग, बालाघाट व बल्लारशाह या चार दिशांचे लोहमार्ग मिळतात. एका मार्गाला हिरवा सिग्नल दिला, की त्याला छेदणारे मार्ग बंदच राहिले पाहिजेत. रेल्वेत पूर्वी ही दक्षता लोखंडी तरफा घेत. आता अनेक स्थानकांवर ती संगणक घेतो. त्याची आज्ञावली बिनचूक आहे, हे कसे ठरवावे?

केवळ चाचण्यांनी भागत नाही. सांधे व सिग्नल मिळून ४० आणि प्रत्येकाच्या दोनच स्थिती धरल्या, तरी सुमारे १,१०,००० कोटी जुळण्या होतात! सेकंदाला एक तपासली, तर जवळजवळ ३५,००० वर्षे लागतील.

म्हणून आज्ञावलीने काय साधावे, हे आधी गणिती तर्काच्या भाषेत मांडतात. मग ती ते साधते, असे सिद्ध करतात. पॅरिस मेट्रोचा चालकाविना धावणारा १४ क्रमांकाचा मार्ग १९९८ साली सुरू झाला. त्याच्या सुरक्षेची आज्ञावली अशीच सिद्ध केलेली होती.

अर्थात, साध्यच चुकीचे मांडले तर सिद्धता वाया जाते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, भूमितीत 'पक्ष' व 'साध्य' लिहिण्याचा कंटाळा करू नका. शिक्षकांनीही संगणकाच्या तासाला आधी साध्य वहीत लिहवून घ्यावे आणि मगच कळफलकाला हात लावू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.